राजाचा नगारा आणि भिक्षूचा डफ

आपल्याकडे संगीताचा इतिहास म्हणजे बहुधा गवयांचा इतिहास असतो. वीणेस पहिले पान, सारंगीस एखादा परिच्छेद, आणि मृदंग-तबला वगळल्यास बाकीच्या चर्मवाद्यांस शेवटच्या पानावरील चार ओळी, असा क्रम जणू ठरून गेला आहे. नगारा, हलगी, संबळ, ढोल यांची गणना संगीतात करावी की गोंगाटात, असा प्रश्न गंभीरपणे करणारे सुशिक्षित गृहस्थही आम्हांस भेटले आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. आमचे म्हणणे इतकेच की, समाजाचा इतिहास ज्यास वाचावयाचा आहे त्याने वीणेपेक्षा नगाऱ्याकडे आधी कान द्यावा. ताणलेल्या कातड्यावर काठी कोणी मारावी, कोणाच्या दारी मारावी, कोणत्या प्रहरी मारावी, आणि ते कातडे कमावणाऱ्यास ओटीवर घ्यावे की अंगणाबाहेर उभे करावे, या प्रश्नांची उत्तरे एकत्र केली म्हणजे त्या समाजाची सारी घडण डोळ्यांपुढे येते. ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही. जपान देशात ताइको या नावाने प्रसिद्ध असलेल्या वाद्याचा इतिहास पाहिला तर तोही हेच सांगतो. आणि हे दोन इतिहास एकमेकांपासून आपण समजतो तितके दूर राहिलेले नाहीत, हे दाखविण्याचा या लेखात विचार आहे.

आरंभ अहमदनगर जिल्ह्यापासून करू. या जिल्ह्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, आणि अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात असल्यामुळे ते नाव परके नाही. तथापि ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहो त्या काळचे नाव अहमदनगर असल्याने तेच ठेवतो. १४९० साली मलिक अहमदाने बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र राज्य मांडले, आणि चार वर्षांनी भिंगारजवळ आपल्या नावाचे शहर वसविण्यास प्रारंभ केला. दक्षिणेत त्या काळी राज्य मांडले याची खूण म्हणजे दोन गोष्टी: शुक्रवारच्या खुतब्यात आपले नाव आणि दारावर आपली नौबत. नाणे पाडण्यास पुढे सवड असे, नौबतीस नसे. राजा जागा आहे, वाड्यात आहे, जिवंत आहे, हे रयतेस सांगणारे दुसरे साधन नव्हते. घड्याळ, वर्तमानपत्र आणि राजदंड या तिघांचे काम एकटी नौबत करी.

या नौबतीत काय काय वाजे, याचे मोजमाप अबुल फज्लने आपल्या आईन-इ-अकबरीत करून ठेवले आहे. अकबराच्या नगारखान्यात दमाम्यांच्या सुमारे अठरा जोड्या, नगाऱ्यांच्या सुमारे वीस, चार ढोल, चारांपेक्षा कधीही कमी नाहीत इतके कर्णे, एकदम फुंकल्या जाणाऱ्या नऊ सुरनया, शिवाय नफीर, शिंगे आणि झांजांच्या तीन जोड्या असत. हा आकडा वाचून पुण्यातील एखाद्या ढोल-ताशा पथकाचा प्रमुख मान डोलावील, यात शंका नाही. याच अकबराच्या सैन्याने १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा घातला, चांदबिबीने तो परतविला, आणि १६०० साली चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेल्यावर किल्ला पडला. पुढे शंभर वर्षांनी औरंगजेब दक्षिणेत झिजत झिजत १७०६ साली याच शहरी येऊन थांबला आणि ३ मार्च १७०७ रोजी येथेच वारला. या बादशहाने दरबारातील गवयांस रजा दिली ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गवयांनी संगीताची तिरडी काढली, आणि बादशहाने तिला खोल पुरा म्हणून सांगितले, ही आख्यायिकाही तितकीच प्रसिद्ध आहे. परंतु त्याच बादशहाने नौबत बंद केली नाही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गाणे त्यास नकोसे झाले तरी नगारा त्यास सोडवेना, कारण नगारा हे गाणे नव्हते. ती सत्ता होती. नगाऱ्याचा मान एखाद्या सरदारास देणे म्हणजे आपल्या सत्तेचा एक तुकडा काढून देणे, असे मोगल समजत आणि मराठेही समजत. मराठी कागदपत्रांत चौघड्याच्या मानासाठी झालेले रुसवेफुगवे वाचले म्हणजे जहागिरीपेक्षा दारावरचा नगारा लोकांस किती प्रिय होता याची कल्पना येते.

नगर जिल्ह्यात या राजनगाऱ्याचे देवाच्या दारी रूपांतर कसे झाले हे पाहावयाचे असल्यास पाथर्डी तालुक्यातील मढीस जावे. टेकडीवर कानिफनाथांचे स्थान आहे. हिंदू व मुसलमान दोघेही तेथे मस्तक टेकवितात. परंपरा अशी सांगते की, शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असता येसूबाईंनी त्यांच्या सुटकेसाठी येथे नवस केला, आणि सुटका झाल्यावर त्या नवसापोटी येथील बांधकाम व नगारखाना उभा राहिला. शाहूंची सुटका १७०७ सालची, म्हणजे बादशहाच्या मृत्यूनंतर लगेचची. एका राजाचा नगारा नगर शहरी थांबला आणि दुसऱ्या राजाचा नगारा पाथर्डीच्या डोंगरावर देवापुढे सुरू झाला, असा हा योग आहे. या मढीच्या यात्रेचे दुसरे वैशिष्ट्य आमच्या विषयास अधिक जवळचे आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या या यात्रेस भटक्या जमातींचे लोक दूरदूरहून येतात, गाढवांचा मोठा बाजार भरतो, आणि जातपंचायती बसत आल्या आहेत. ज्यांना गावकुसाच्या आत बिऱ्हाड नाही अशा माणसांच्या मेळ्यावर राजाने बांधलेला नगारखाना उभा आहे. नगारखान्यात टिमकीचा आवाज कोण ऐकतो, अशी म्हण आपण सहज वापरतो. मढीत मात्र टिमकीवाले खाली हजारांनी बसलेले असतात.

आता या टिमकीवाल्यांकडे वळू. राजाचा नगारा वेशीवर आणि देवाचा नगारा शिखराजवळ. परंतु गावच्या रोजच्या कामास हलगी लागे. लाकडाचे अथवा लोखंडाचे कडे, त्यावर बकऱ्याचे कातडे, वाजविण्यापूर्वी शेकोटीवर शेकून ताणून घ्यावयाचे, एका हातात बारीक काडी आणि दुसऱ्यात जाडसर टिपरू, इतकाच या वाद्याचा संसार. पण लग्नाची वरात, पोळ्याचे बैल, कुस्तीचा फड, देवीची पालखी आणि प्रेतयात्रा, यांपैकी एकही गोष्ट तिच्यावाचून पुरी होत नसे. सरकारी हुकूम सांगावयाचा तर दवंडी पिटावयाची. गोंधळ्याचा संबळ देवीच्या नावावर घरात तरी येई. हलगीस उंबरठा नव्हता. ती वाजविण्याचे काम मुख्यत्वे मातंग समाजाकडे, मेलेले जनावर ओढण्याचे महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे, अशी वाटणी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' ग्रंथात बलुत्याची ही सारी यंत्रणा तपशीलवार मांडली आहे. या यंत्रणेत कला होती, हे खरेच. हलगीवर एकाच ठेक्याची जी निरनिराळी वळणे घेता येतात ती ऐकल्यावर तालशास्त्र केवळ ग्रंथांत आहे असे कोणी म्हणणार नाही. पण या कलेचा मोबदला कणसांच्या पेंढ्यात आणि शिळ्या भाकरीत मिळे, आणि ती नाकारण्याची मुभा कलावंतास नव्हती. ज्यास 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या वादनास आम्ही कला म्हणावे, की वेठ? हा प्रश्न ज्यांनी प्रथम रोखठोक विचारला त्यांनी वाद्यावर राग धरला यात नवल नाही.

१९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस व अपमानाची गावकामे सोडून देण्याचा उपदेश केला. पुढच्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. महारवतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. दरम्यान अनेक गावी तरुणांनी हलगी खुंटीला टांगली, ती पुन्हा काढली नाही. जुन्या माणसांनी हळहळ केली. कोठे कोठे बहिष्कारही पडले. जलशांच्या रूपाने ढोलकी आणि डफ यांस नवे काम मिळाले, आणि भीमराव कर्डकांसारख्यांनी तेच वाद्य उलटे फिरवून चळवळीच्या हाती दिले. पण गावकामाचे वाद्य म्हणून जी हलगी होती तिची बाजू इतिहासात मुकीच राहिली. वाद्य सोडण्यात स्वाभिमान आणि वाद्य धरण्यात लाचारी, अशी विलक्षण कोंडी या महाराष्ट्रात निर्माण झाली.

नेमक्या याच काळात एक परदेशी डफ महाराष्ट्रात आला. आमच्या माहितीप्रमाणे जपानी चर्मवाद्याचा महाराष्ट्राशी आलेला हा ठळक असा पहिला संबंध होय, आणि तो कोणत्याही रंगमंचावर आला नाही. निचिदात्सु फुजी नावाचे एक भिक्षू १९३१ च्या आरंभी कलकत्त्यास उतरले. यांचा जन्म १८८५ चा, क्यूशू बेटावरील. तेराव्या शतकातील जपानी आचार्य निचिरेन यांच्या परंपरेतील ते होते. जपानात गेलेला धर्म एके दिवशी आपल्या मायदेशी परत जाईल असे निचिरेन यांचे भाकीत, आणि ते खरे करावयाचे हा फुजी यांचा ध्यास. हाती पंख्याच्या आकाराचा डफ: एका कड्यावर एकच कातडे, कड्यास धरावयास मूठ, आणि मारावयास एक वाकडीतिकडी नसलेली साधी काठी. त्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्रास वंदन करणाऱ्या सात अक्षरांचा ठेका धरून चालत राहावयाचे, एवढीच साधना. संस्कृतातील पुंडरीक हे नाव जपानी उच्चारांत लपून परत आलेले पाहून पंढरीच्या वाटेवर मोठे झालेल्या वाचकांस गंमत वाटेल. ऑक्टोबर १९३३ मध्ये फुजी वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. पुढल्याच महिन्यात गांधीजींनी अस्पृश्यता निवारणाचा आपला दीर्घ दौरा वर्ध्याहूनच सुरू केला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या देशात कातड्यास हात लावणारा दूर ठेवावयाचा त्या देशाच्या एका आश्रमात, अस्पृश्यतेविरुद्ध निघावयाच्या तयारीत असलेल्या माणसासमोर, एक संन्यासी कातड्याचे वाद्य हेच आपले पूजासाहित्य म्हणून घेऊन बसतो, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते.

पुढे या संप्रदायाचा एक भिक्षू सेवाग्राम आश्रमात राहू लागला. पहाटे आणि सायंकाळी त्याचा डफ वाजे, आणि त्याचे वंदन आश्रमाच्या प्रार्थनेच्या प्रारंभी घेण्यात येऊ लागले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारताच तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्यास आश्रमातून नेण्यात आले. माणूस गेला, डफ राहिला. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी समस्त जपानी जनतेस उद्देशून 'हरिजन' पत्रात एक अनावृत पत्र लिहिले. चीनवरील आक्रमणाबद्दल जपानची कडक कानउघाडणी करणाऱ्या त्या पत्रात त्यांनी या भिक्षूची आठवण आवर्जून काढली आहे, आणि त्याने मागे ठेवलेल्या लहानशा डफाच्या साथीवर आमच्या दोन्ही वेळच्या प्रार्थना सुरू होतात असे कळविले आहे. जपानी सैन्य ब्रह्मदेश घेऊन हिंदुस्थानच्या वेशीवर आले असता सेवाग्रामात जपानी डफ वाजत होता, आणि तो वाजविणारे लोक जपानच्या विजयाची इच्छा करीत नव्हते.

पत्र प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, ९ ऑगस्ट रोजी, काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीच्या सभासदांस आणून ठेवले ते आमच्या अहमदनगरच्या किल्ल्यात. जवाहरलाल नेहरूंनी तेथे लिहिलेला ग्रंथ जगास ठाऊक आहे. त्याच कोठड्यांत आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या अभिधर्मकोशावर काम करीत बसले होते, ही गोष्ट मात्र नगरकरांसही फारशी आठवत नाही. हा अभिधर्मकोश जपानात नारा येथील विहारांत आठव्या शतकापासून शिकविला जात असे. आणि नारा म्हटले की आम्हांस थोडे मागे जाणे भाग आहे.

७३६ साली बोधिसेन नावाचा भारद्वाज गोत्राचा एक दाक्षिणात्य भिक्षू चीनमार्गे जपानात पोहोचला. त्याच्याबरोबर चंपा देशचा, म्हणजे आजच्या मध्य व दक्षिण व्हिएतनामचा, बुत्तेत्सु नावाचा भिक्षू होता. नारा येथे तोदाइजी मंदिरातील बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती पुरी झाल्यावर ७५२ साली तिचे नेत्रोन्मीलन झाले. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुली रेखण्याचा मान या बोधिसेनास मिळाला. त्याच्या कुंचल्यास लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या, आणि त्या धरून जमलेले लोक या पुण्यात भागीदार झाले. तो कुंचला नाऱ्याच्या शोसोइन भांडारात आजही जपून ठेवला आहे. त्या समारंभात अनेक देशांचे नाच व वाद्ये झाली. जपानी दरबारी संगीतात, ज्यास गागाकू म्हणतात त्यात, चंपेहून आलेले म्हणून जे नृत्यप्रकार मोजतात ते बोधिसेन व बुत्तेत्सु यांनीच आणले अशी तेथील परंपरा आहे. तेव्हा ढोल हा जपानला हिंदुस्थानने दिला, असा निष्कर्ष काढण्याची ज्यांस घाई होईल त्यांनी थोडे थांबावे. जपानात सहाव्या शतकाच्या सुमारास थडग्यांवर ठेवलेल्या मातीच्या पुतळ्यांत गळ्यात ढोल अडकविलेला वादक सापडलेला आहे. म्हणजे बोधिसेन जन्मण्यापूर्वीच तेथे ढोल होता. आपल्या पूर्वजांनी सर्व जगास सर्व काही शिकविले असे म्हणण्याची खोड आपल्यापैकी काहींस आहे. ती येथे उपयोगी पडणार नाही. खरी गोष्ट अधिक साधी आहे. वाद्ये, सूत्रे आणि ठेके हे व्यापाऱ्यांप्रमाणे सारखे ये-जा करीत होते.

युद्धानंतर फुजी यांच्या मार्गास वेगळे वळण लागले. त्या काळी जपानच्या बहुतेक बौद्ध संप्रदायांनी आपल्या सैन्याच्या स्वाऱ्यांस आशीर्वाद दिले होते, आणि हे ओझे सर्वांच्याच माथी होते. हिरोशिमानंतर फुजी यांनी शांतिस्तूप बांधण्याचे व्रत घेतले. पहिला १९५४ साली जपानात कुमामोतो येथे, आणि राजगीरचा १९६९ साली. मुंबईत वरळीस त्यांच्या संप्रदायाचे मंदिर आहे. तेथील नगाऱ्याचा घोष नित्य होतो. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट नागपुरास घडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि दोन महिन्यांत त्यांचे निर्वाण झाले. नवदीक्षितांस धर्म मिळाला, पण धर्म सांगणारे भिक्षू नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरई ससाई नावाचा एक तरुण जपानी भिक्षू राजगीरहून नागपुरास आला. मराठी येत नाही, हिंदी येत नाही, ओळख नाही. त्याच्यापाशी एक डफ होता. इंदोरा वस्तीच्या गल्ल्यांतून तो डफ वाजवीत तो फिरू लागला. आधी पोरे मागे लागली, मग थोरे आली. पुढे ते मराठी बोलू लागले, भारताचे नागरिक झाले, आणि भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई या नावाने दीक्षाभूमीवरील मोठे भिक्षू म्हणून मान्यता पावले.

या प्रसंगाचा विचार आपल्याकडे पुरेसा झाला नाही असे आम्हांस वाटते. ज्या वस्त्यांनी गावची वाद्ये आणि गावची कामे स्वाभिमानासाठी मागे टाकली होती त्याच वस्त्यांत एक परका मनुष्य कातड्याचे वाद्य घेऊन आला, आणि त्यास कोणी अपमान मानला नाही. कातडे तेच, काठी तीच. बदलले होते ते इतकेच की येथे वाजविणारा स्वतःच्या इच्छेने वाजवीत होता आणि त्यासाठी कोणाच्या दारात उभा राहात नव्हता. बोलण्यास भाषा नव्हती म्हणून ठेका पुढे झाला. आमच्या मते हलगीस गावात जी गोष्ट मिळाली नाही ती या डफास नागपुरास मिळाली.

आता ज्या ताइकोचा आज जगभर बोलबाला आहे त्याकडे येऊ. ताइको या शब्दाचा अर्थ नुसता ढोल इतकाच. त्यातील मुख्य प्रकार झेल्कोवा जातीच्या झाडाचा अखंड ओंडका कोरून करतात आणि दोन्ही तोंडांवर गाईचे कातडे खिळ्यांनी ठोकतात; दुसरा दोरीने आवळलेला, लहान आणि तीक्ष्ण आवाजाचा. देवळात, रणात, नाटकगृहात आणि शेतावर हे ढोल शतकानुशतके वाजत आले. परंतु पंधरा-वीस माणसांनी लहानमोठे ढोल मांडून, एकेकट्याने नव्हे तर एका वाद्यवृंदाप्रमाणे वाजवावयाचे, ही जी पद्धत आपण पुरातन जपानी परंपरा म्हणून पाहतो ती १९५१ सालची आहे! सुवा परिसरातील ओगुची दाइहाची यांच्यापुढे तेथील देवस्थानाच्या ढोलाची एक जुनी लिपी आली. ते व्यवसायाने जाझ वाद्यवृंदातील ढोलवादक. एकाच ठेक्याने त्यांचे समाधान होईना. जाझमध्ये एक माणूस चार आवाजांचे ढोल एकत्र वाजवितो, तर येथे चार माणसांनी चार ढोल का वाजवू नयेत, असा विचार करून त्यांनी वृंद उभा केला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या कलामहोत्सवात तो वाजला आणि सर्व जपानास आपली ही 'प्राचीन' परंपरा प्रथमच कळली. सादो बेटावर देन तागायासु यांनी १९६९ च्या सुमारास जमविलेल्या तरुणांची मंडळी तर आश्रमासारखी राहून रोज मैलोगणती धावत; १९७५ साली बोस्टनची मॅरेथॉन शर्यत धावून झाल्याबरोबर त्यांनी ढोल वाजविले. त्यातूनच निघालेला कोदो हा वृंद १९८१ साली बर्लिनमध्ये प्रथम वाजला. कोदो या शब्दाचे दोन अर्थ सांगतात: हृदयाचा ठोका, आणि ढोलाची लेकरे.

यापेक्षा आम्हांस अमेरिकेतील हकीकत अधिक मनोवेधक वाटते. युद्धकाळात ज्यांच्या आईबापांस केवळ जपानी वंशाचे म्हणून छावण्यांत कोंडले होते त्या मुलांनी १९६८-६९ नंतर कॅलिफोर्नियात ढोल हाती घेतले. सान फ्रान्सिस्कोस तानाका सेइइची यांनी शाळा काढली. लॉस अँजिलिसच्या एका बौद्ध मंदिरातील मंडळींनी जो वृंद काढला त्याचे नाव ठेवले किन्नर. होय, आपलाच तो गंधर्व-किन्नरांतला किन्नर. ओंडक्याचे ढोल विकत घेण्यास पैसे नव्हते, म्हणून त्यांनी दारूची रिकामी पिंपे आणून त्यांवर कातडे चढविले. दोनतीन पिढ्या गप्प राहिलेल्या समाजाने मोठा आवाज करावयास शिकण्याची ही रीत होती. आज तेथील गावोगावच्या सामुदायिक संगीतशाळांत पियानो-व्हायोलिनच्या शेजारच्या खोलीत ताइको शिकवितात, आणि वार्षिक कलामहोत्सवात जपानशी काही नाते नसलेली मुले-मुली, गृहिणी, निवृत्त मास्तर एका रांगेत उभे राहून ढोल वाजवितात. शुद्धतेच्या कैवाऱ्यांस हे रुचत नाही. आम्हांस रुचते. सत्तर वर्षांच्या परंपरेस सोवळे नेसविण्याचे कारण दिसत नाही.

परंतु जपानी ढोलाची एक बाजू महोत्सवांत सहसा सांगत नाहीत. ढोल देवाचा, पण ढोलाचे कातडे कमावणारा अपवित्र. जपानातही जनावरांची कातडी सोलणारे व कमावणारे लोक वेगळ्या वस्तीत ठेवले जात. १८७१ साली सरकारी आज्ञेने त्यांचा भेद कायद्यापुरता संपला, व्यवहारात संपला नाही. १९२२ साली त्यांनी समतेसाठी आपली संघटना स्थापिली. महाडच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. ओसाकातील नानिवा हा भाग अशा ढोल करणाऱ्यांचा. पिढ्यानपिढ्या सर्व देवळांस ढोल पुरविणारी ही माणसे स्वतः ढोल वाजवीत नसत. उत्सवात त्यांचा ढोल जाई, ते जात नसत. १९८७ साली तेथील तरुणांनी आपणच केलेले ढोल आपणच वाजवावयाचे असा निश्चय करून वृंद काढला आणि त्याचे नाव 'इकारी' ठेवले. इकारी म्हणजे क्रोध. आज त्या वस्तीतील रस्त्यास ढोलाचेच नाव आहे.

आमच्याकडे असे नाव कोणी ठेवले नाही. पुणे, नाशिक, नगर येथे गणेशोत्सवात ढोल-ताशांची जी शिस्तबद्ध पथके निघतात ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निर्मिती आहे. ओगुचींच्या वृंदाप्रमाणे तीही पुरातन नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. सुशिक्षित घरांतील मुली कमरेस ढोल बांधून भर रस्त्यात वाजवितात, हे त्यांच्या आज्यांस स्वप्नातही दिसले नसते. त्यांनी कातड्याचा विटाळ किती सहज पुसून टाकला! (कानठळ्यांची तक्रार रास्त आहे, पण ती वेगळ्या लेखाचा विषय.) मात्र या पथकांत ढोल आला, ताशा आला, हलगी फारशी आली नाही, आणि हलगी ज्यांच्या घरी होती ते उस्ताद म्हणून आले नाहीत. उलट लग्नाच्या वरातीत आजही हलगीवाल्यास जेवणाच्या पंगतीस शेवटी बसविणारी घरे आहेत, आणि त्याच घरचे चिरंजीव सप्टेंबरात पथकात ढोल वाजवितात.

नगर जिल्ह्यापुरता विचार करता गावच्या वाद्यांची एखादी सामुदायिक शाळा निघणे अशक्य नाही. वारकरी मंडळींनी १९१७ सालीच आळंदीस जोग महाराजांच्या पुढाकाराने शिक्षणसंस्था काढून दाखविली. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यात, आणि तेथील सप्ताहांत मृदंग वाजविणारी मुले कोणत्याही एका जातीची नसतात. हलगीचे काय ते सांगावयाचे तर गुरू आजही हयात आहेत. साठी उलटलेले वादक वस्त्यांत सापडतात. त्यांना दरमहा पगार द्यावा लागेल, शाळेत खुर्ची द्यावी लागेल, आणि विद्यार्थ्याने त्यांस 'गुरुजी' म्हणावे लागेल. बलुते द्यावयाचे नाही. मुलांनी कातडे भिजविणे, कड्यावर ओढणे, शेकणे हे आपल्या हातांनी शिकावे. किन्नर वृंदाच्या मुलांनी पिंपांवर केले तसेच. खर्च फार नाही. पहिले सादरीकरण कोठे करावयाचे याबद्दलही आमची सूचना तयार आहे: मढीच्या नगारखान्याखाली, रंगपंचमीच्या दिवशी. फक्त त्याच सुमारास मुलांच्या परीक्षा येतात, तेवढे मात्र शाळाखात्याशी बोलून घ्यावे लागेल.